हातांची भाषा

कोकण रेल्वेच्या मार्गावर, महाड तालुक्यात, वीर नावाचे एक लहानसे स्थानक आहे. रोहा ते वीर हा लोहमार्ग १९९३ साली सुरू झाला. या रेल्वेचा महाराष्ट्रातील तो पहिला टप्पा होय. येथे न थांबणारी एखादी जलद गाडी धडधडत आली, म्हणजे स्थानकावरचा कर्मचारी फलाटाच्या कडेला उभा राहून हिरवा बावटा दाखवतो. धावत्या गाडीतील कर्मचारीही बावटा हलवून त्याला उत्तर देतो. 'सर्व ठीक आहे ना?' 'होय, सर्व ठीक आहे.' चाकांच्या त्या गडगडाटात कोणी कितीही मोठ्याने ओरडले, तरी शब्द पोहोचला नसता. बावट्याची खूण मात्र क्षणात पोहोचते. जेथे कान उपयोगी पडत नाहीत, तेथे डोळा आणि हात माणसाच्या मदतीस येतात.

या फलाटावर, मुंबईकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत, जवळच्या वाडीतला वीस-बावीस वर्षांचा एक तरुण उभा आहे, अशी कल्पना करा. तो जन्मापासून बधिर आहे. ध्वनिक्षेपकावरील घोषणा त्याला ऐकू येत नाही. परंतु सिग्नलचा रंग पालटला, हे इतरांच्या आधी त्यालाच दिसते. लोकांनी पिशव्या उचलल्या, एका म्हातारीने नातवाचा हात घट्ट धरला, साऱ्यांच्या माना एकाच दिशेस वळल्या, हे सर्व तो टिपतो. गाडी येत आहे, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही.

गाडी येते ते त्याला कळते. घरात मात्र पुष्कळ गोष्टी त्याला कळत नाहीत. घरी त्याच्यावर माया करणारी माणसे आहेत. जेवण, पाणी, झोप, गाय, शेत, बाजार यांसाठी त्याने आणि घरच्यांनी मिळून काही खुणा ठरवल्या आहेत. त्या खुणा त्या घरापुरत्याच. त्यांच्या आधारे आई त्याला 'भूक लागली का?' असे विचारू शकते. 'बाळा, तू आज उदास का?' असे विचारू शकत नाही. रात्री जेवणे आटोपल्यावर सारी मंडळी ओटीवर बसतात. आजी जुन्या काळची एखादी हकीकत सांगू लागते. ऐकता ऐकता सगळे एकदम हसू लागतात. तो तरुण धाकट्या बहिणीचा हात हलवून 'काय झाले?' असे खुणेने विचारतो. ती हाताने सुचवते, 'थांब, नंतर सांगते.' ते 'नंतर' पुष्कळदा येतच नाही. त्याने पुन्हा विचारले, तर 'काही नाही' असे उत्तर मिळते. ज्या गोष्टीवर सारे घर हसले, ती 'काही नाही' कशी असेल? भरल्या घरात, आपल्याच माणसांत, तो एकटा पडतो.

हा दोष त्याच्या बुद्धीचा नव्हे आणि घरच्यांच्या मायेचाही नव्हे. बहुतेक बधिर मुले ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्माला येतात. इतर मुलांना भाषा आईच्या मांडीवरच मिळते. ती कोणी मुद्दाम शिकवावी लागत नाही. कानांवर शब्द पडत राहतात आणि मूल दोन-तीन वर्षांत बोलू लागते. बधिर बालकाच्या कानांचे दार बंद असते आणि डोळ्यांनी घेता येईल अशी भाषा घरात कोणालाच येत नसते. लहानपणीची पहिली काही वर्षे भाषा शिकण्यास अत्यंत अनुकूल असतात. ती वर्षे कोणत्याही भाषेवाचून गेली, तर त्या मुलाची हानी होते, आणि ती पुढे भरून काढणे फार कठीण जाते.

वाडीतले लोक अशा मुलाला सहज 'मुका' म्हणून हाक मारतात. हाक मारणाऱ्याच्या मनात वाईट हेतू असतोच असे नाही. तथापि हा शब्द खरा नाही. बधिर माणसाचा कंठ सहसा निरोगी असतो. बोलणे हे ऐकून ऐकूनच शिकले जाते; ज्याने शब्द कधी ऐकलाच नाही, त्याने तो इतरांसारखा उच्चारावा कसा? म्हणूनच आज पुष्कळ सुशिक्षित बधिर तरुणांना 'मूकबधिर' हे नाव आवडत नाही. 'आम्ही बधिर आहोत, मुके नाही. आमचे बोलणे आमच्या हातांत आहे,' असे ते सांगतात.

आपल्या नित्याच्या बोलण्यातही जुन्या समजुती लपून बसलेल्या असतात. निमूटपणे सोसणाऱ्याला आपण 'मुकाट्याने' सोसणारा म्हणतो. एकमेकांना मदत करू न शकणारी दोन माणसे एकत्र आली, म्हणजे 'आंधळ्या-बहिऱ्यांची गाठ' पडली असे म्हणतो. अशा शब्दांमागे 'ज्याला ऐकू येत नाही, त्याला काही समजतही नाही' ही समजूत आहे. एके काळी तिला कायद्याचेही बळ होते. जुन्या हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे जन्मतः बधिर आणि मूक असलेल्या मुलाला वडिलार्जित संपत्तीत वाटा मिळत नसे. १९२८ साली झालेल्या कायद्याने ही बंदी दूर केली.

'मूक' या शब्दाशी महाडच्या भूमीचेही एक नाते आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२० साली 'मूकनायक' नावाचे पाक्षिक काढले आणि १९२७ साली महाड येथे चवदार तळ्याचा सत्याग्रह केला. ज्यांच्यासाठी ते पाक्षिक निघाले, त्या लोकांच्या कंठात वाचा नव्हती काय? वाचा होती, समाज त्यांचे म्हणणे ऐकून घेत नव्हता. अस्पृश्यतेचा प्रश्न आणि बधिरांचा प्रश्न हे दोन निराळे प्रश्न आहेत; त्यांची सरमिसळ करणे योग्य नव्हे. परंतु दोहोंतून एकच बोध मिळतो. एखादा मनुष्य मुका ठरतो, तेव्हा दोष पुष्कळदा त्याच्या वाणीत नसून ऐकणाऱ्यांच्या वृत्तीत असतो.

हातांनी बोलणे ही आपल्यालाही काही अपरिचित गोष्ट नाही. क्रिकेटच्या मैदानावर पंचाने दोन्ही हात वर केले, की षटकार झाला हे लहान पोरालाही कळते. गुरांच्या बाजारात आणि आंब्याच्या बाजारात हातावर रुमाल टाकून, बोटे दाबून भाव ठरवण्याची रीत जुनी आहे; चार माणसांच्या देखत सौदा होतो आणि भाव कोणाला कळत नाही. परंतु या नुसत्या खुणा झाल्या. रुमालाखालच्या बोटांनी भाव सांगता येतो. 'गेल्या वर्षी पाऊस लवकर आला नसता, तर मी आंबा इतक्या स्वस्तात दिला नसता,' असे सांगता येत नाही. असे बोलायचे, तर भाषा हवी. शब्दांचा भरपूर साठा आणि ते शब्द जोडण्याचे नियम, म्हणजे व्याकरण, असल्यावाचून भाषा होत नाही.

बधिर लोकांच्या खुणांना असे व्याकरण आहे काय? आहे, आणि ते मोठे मनोरम आहे. आपल्या देशातील बधिर लोक जी भाषा वापरतात, तिला भारतीय सांकेतिक भाषा असे म्हणतात. 'स्त्री' या शब्दासाठी बोट नाकाच्या बाजूस, चमकीच्या जागी लावतात. 'पुरुष' या शब्दासाठी मिशीची खूण करतात. या खुणा पाहताच त्या आपल्या मातीतल्या आहेत हे ओळखता येते. मात्र सर्वच खुणा अशा चित्रासारख्या नसतात. पुष्कळ खुणा, आपल्या बोललेल्या शब्दांप्रमाणेच, शिकल्यावाचून कळत नाहीत.

या भाषेत प्रश्नवाचक शब्द सामान्यतः वाक्याच्या शेवटी येतो. 'तू कोठे जातोस?' हे विचारताना खुणांचा क्रम 'तू, जाणे, कोठे' असा होतो आणि त्याच वेळी चेहऱ्यावरही प्रश्न उमटतो. आपण आवाज चढवून वा उतरवून जे सुचवतो, ते येथे भुवया, डोळे आणि मान सुचवतात. 'देणे' या क्रियापदाची खूण देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जाते. हात माझ्याकडून तुझ्याकडे गेला, तर 'मी तुला देतो' आणि तुझ्याकडून माझ्याकडे आला, तर 'तू मला देतोस.' मराठीत त्यासाठी 'मी' चा 'मला' आणि 'तू' चा 'तुला' करावा लागतो. येथे हाताची दिशाच विभक्तीचे काम करते. घडून गेलेला काळ दाखवताना हात खांद्याच्या मागे जातो आणि येणारा काळ दाखवताना पुढे जातो.

सर्व जगातील बधिर लोकांची भाषा एकच असावी, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. इंग्लंड आणि अमेरिका या दोन्ही देशांत इंग्रजी बोलतात. तरी तेथील बधिर लोकांच्या खुणांच्या भाषा परस्परांहून अगदी भिन्न आहेत. दर बारा कोसांवर भाषा बदलते असे आपण म्हणतो. त्याप्रमाणे भारतातही मुंबई, दिल्ली, कोलकाता, बंगळूर येथील खुणांत थोडाफार फरक आहे. मात्र अभ्यासकांनी १९७० नंतरच्या दशकात या शहरांतील खुणा ताडून पाहिल्या, तेव्हा त्यांतील बहुसंख्य खुणा एकमेकींशी जुळणाऱ्या आहेत असे त्यांना आढळून आले.

अशी समृद्ध भाषा असूनही तिला मान मिळण्यास फार काळ लागला. फ्रान्समध्ये आबे द लेपे नावाच्या धर्मोपदेशकाने १७६० च्या सुमारास पॅरिस येथे बधिर मुलांसाठी विनामूल्य शाळा काढली. तेथे खुणांच्या साहाय्याने शिक्षण दिले जाई. पुढे १८८० साली इटलीतील मिलान शहरी बधिरांच्या शिक्षकांची एक परिषद भरली. तिच्यातील जवळजवळ सर्व प्रतिनिधी ऐकू येणारे होते. त्यांनी ठराव केला, की बधिर मुलांना केवळ मुखाने बोलण्याचे शिक्षण द्यावे. खुणांचा आधार घेऊ नये. ज्यांच्या भाषेचा निकाल लागायचा होता, त्यांना मत देण्याची संधी जवळजवळ मिळालीच नाही. त्यानंतर अनेक देशांतील शाळांमधून खुणांची भाषा हद्दपार झाली.

मुंबईत बिशप लिओ म्यूरिन यांच्या प्रयत्नाने १८८५ साली बधिर मुलांची शाळा सुरू झाली. आपल्या देशातील अशा शाळांत ती पहिली मानली जाते. पुढे ठिकठिकाणी शाळा निघाल्या. मुलांनी बोलावे आणि समोरच्याचे ओठ पाहून बोलणे ओळखावे, यावरच पुष्कळ शाळांतून दीर्घकाळ भर राहिला. शिक्षकांचा हेतू चांगला होता. बोलता आले, तर मूल चारचौघांत मिसळेल, अशी त्यांची आशा होती. आणि काही मुले या रीतीने चांगले बोलूही लागली. परंतु ओठ वाचणे ही सोपी विद्या नाही. आरशासमोर उभे राहून आवाज न काढता 'पाप', 'बाप' आणि 'माप' हे तीन शब्द म्हणून पाहावेत. तिन्ही वेळा ओठ सारखेच मिटतात आणि सारखेच उघडतात. 'क', 'ग' ही अक्षरे तर कंठात उमटतात. ती ओठांवर दिसतच नाहीत. ज्या मुलाला प्रत्येक वाक्य असे अंदाजाने ओळखावे लागते, त्याची सारी शक्ती शब्द पकडण्यातच खर्च होते. अर्थाचा विचार करण्यास अवधी उरत नाही.

शाळेत खुणांना स्थान नसले, तरी त्या लोपल्या नाहीत. मधल्या सुट्टीत, मैदानावर, वसतिगृहात, जेथे जेथे बधिर मुले एकत्र आली, तेथे तेथे त्यांचे हात बोलू लागले. मोठ्या मुलांकडून धाकटी मुले ती भाषा शिकली. इतरांना मातृभाषा आईकडून मिळते. या मुलांना त्यांची भाषा सवंगड्यांकडून मिळाली. म्हणूनच बधिर माणसाच्या मनात आपल्या शाळेविषयी आणि सवंगड्यांविषयी विशेष ओढ असते.

१९६० साली विल्यम स्टोको या अमेरिकी प्राध्यापकाने अमेरिकेतील बधिरांच्या खुणांचा बारकाईने अभ्यास करून दाखवून दिले, की ही खरीखुरी भाषा आहे. हळूहळू जगाचे मत पालटले. बधिरांच्या शिक्षणासंबंधीची जागतिक परिषद २०१० साली कॅनडातील व्हँकुव्हर शहरी भरली असता तिने मिलानचे ते जुने ठराव त्याज्य ठरवले. एक चूक सुधारण्यास १३० वर्षे लागली! भारतात १९८३ साली मुंबईतील वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. दिल्लीत २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झाले आणि २०२१ साली त्या केंद्राने या भाषेचा १०,००० शब्दांचा कोश सिद्ध केला. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या करारास भारताने २००७ साली मान्यता दिली, त्यात बधिर लोकांची भाषा आणि संस्कृती यांना मान्यता व आधार मिळाला पाहिजे, असे स्पष्ट म्हटले आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या बधिर वकील महिलेने सांकेतिक भाषेच्या दुभाष्याच्या साहाय्याने सर्वोच्च न्यायालयात आपले म्हणणे मांडले. ज्यांना एके काळी वारसाहक्कही नव्हता, त्यांच्यापैकी एक व्यक्ती न्यायासनासमोर दुसऱ्यांची बाजू मांडू लागली!

आता पुन्हा वीरच्या त्या तरुणाकडे वळू. गाडी माणगाव, रोहा, पेण, पनवेल अशी स्थानके मागे टाकीत दिव्याला पोहोचते. कोकणातले अनेक चाकरमानी ज्या वाटेने पोटासाठी मुंबईस गेले, त्याच वाटेने तोही निघाला आहे. दिव्याला तो उपनगरी गाडीत, दिव्यांग प्रवाशांसाठी राखून ठेवलेल्या डब्यात चढतो. आणि तेथे काय पाहतो? पाच-सहा तरुण घोळका करून उभे आहेत आणि त्यांचे हात भराभर चालले आहेत. एक जण काही सांगतो. बाकीचे पोट धरधरून हसतात.

मुंबईच्या उपनगरी गाड्यांतील हे दृश्य काल्पनिक नाही. अ‍ॅनेलीस कुस्टर्स या बेल्जियमच्या अभ्यासिका स्वतः बधिर आहेत. मुंबईच्या बधिर लोकांत राहून या राखीव डब्यांविषयी त्यांनी लिहिलेला अभ्यासलेख २००९ साली प्रसिद्ध झाला. कोण कोणत्या गाडीने येणार, हे भ्रमणध्वनीवर संदेश पाठवून ठरवायचे, ठरल्या डब्यात गाठायचे आणि वाटभर बोलत राहायचे, असा तेथील कित्येक बधिरांचा परिपाठ त्यांना दिसून आला. नोकरी कोठे आहे, सरकारी सवलत कशी मिळते, कोणाचे लग्न ठरले, अशा साऱ्या वार्ता तेथे मिळतात. बोलणे रंगले, तर आपले स्थानक आले तरी माणूस उतरत नाही. थोडा पुढे जातो आणि परत फिरतो. शहरभर विखुरलेल्या माणसांना त्या डब्यात आपली पंचायत, आपला पार आणि आपली ओटी मिळते. त्या डब्यात ऐकू येणारा एखादा प्रवासी असला, तर न कळणारा तोच असतो!

वीरचा तरुण प्रथम बुजतो. त्याला घरातल्या खुणा तेवढ्या येतात. ही वेगवान भाषा त्याला नीट समजत नाही. परंतु येथे कोणी 'नंतर सांगतो' म्हणत नाही. न समजले, तर पुन्हा सांगतात; निराळ्या रीतीने सांगतात. काही दिवसांनी त्याची त्यांच्याशी मैत्री जुळते आणि ते त्याला एक नाव देतात. बधिर लोक परस्परांना खुणेचे नाव देत असतात. कोणाच्या गालावरची खळी, कोणाच्या कपाळावरचा व्रण, कोणाची एखादी लकब पाहून ते ठरते. वाडीतल्या नावात त्याला काय येत नाही ते सांगितले होते. या नावात तो कोण आहे ते सांगितले आहे.

भाषेबरोबर रीतीही येतात. दुसऱ्याचे लक्ष वेधण्यासाठी हाक न मारता खांद्यावर हलकेच थोपटायचे किंवा खोलीतला दिवा एकदा मालवून पेटवायचा. टाळ्यांऐवजी दोन्ही हात उंच धरून हलवायचे. दोघांचे बोलणे चालू असता त्यांच्या मधून जाताना त्यांची दृष्टी फार वेळ अडवायची नाही. जेथे भाषा आहे, रीती आहेत आणि एकमेकांविषयी आपुलकी आहे, तेथे संस्कृती आहे.

या तरुणांचे सर्व बाबतींत एकमत असते असे मात्र समजू नये. कोणाला श्रवणयंत्राचा चांगला उपयोग होतो, कोणावर कानाची शस्त्रक्रिया झालेली असते, कोणी मुखाने बोलतो, तर कोणी केवळ खुणांनी. आपले खरे घर ऐकणाऱ्यांत की बधिरांत, असा प्रश्न कित्येकांच्या मनास टोचतो. परंतु माणसाची ओळख एकेरी कशाला असावी? वीरचा हा तरुण बधिर आहे, तसाच तो कोकणी आहे, मराठीही आहे. तो मराठी वर्तमानपत्र वाचतो. शिमग्यात खालूबाजा वाजू लागला, म्हणजे त्याचे ठोके छातीत जाणवून त्याचीही पावले थिरकतात. हातांची भाषा ही त्याची पहिली भाषा आणि लिहिलेली मराठी ही दुसरी, असे झाले तर त्यात कोणाचे काय बिघडते? श्रवणयंत्र मिळाले म्हणून खुणा टाकाव्या लागत नाहीत आणि खुणा शिकल्या म्हणून मराठी दुरावत नाही.

गणपतीच्या सुट्टीत तो घरी येतो. या वेळी मुंबईतल्या गमती बहिणीला सांगायच्या असतात; पण तिला ती भाषा येत नाही. आता 'काय, काय?' असे विचारण्याची पाळी तिच्यावर येते. तो मात्र 'काही नाही' म्हणत नाही. तो तिचा हात हातात घेतो आणि बोटे कशी धरायची ते शिकवू लागतो. आई, घर, पाऊस, गाडी, गोष्ट, अशा दहा खुणा ती त्या दिवशी शिकते. रात्री ओटीवर आजी हकीकत सांगू लागते आणि बहीण अडखळत, चुकत, जमेल तशी ती आपल्या भावाला सांगू लागते. सारे हसतात, त्याच्या मागोमाग थोड्या वेळाने तोही हसतो. त्याचे हसणे जरासे उशिरा येते; पण येते.

असे प्रत्येक घरात घडेलच असे नाही. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या ५० लाखांच्या घरात होती. त्यांच्यापैकी खेड्यांत राहणाऱ्या पुष्कळ जणांना अजून शाळा, शिक्षक, दुभाषी यांपैकी काहीच मिळालेले नाही. आणि हा प्रश्न केवळ गप्पागोष्टींचा नाही. जुलै २०२१ मध्ये सावित्री नदीला महापूर येऊन महाड शहर पाण्याखाली गेले होते. अशा रात्री भोंगा वाजवून वा ध्वनिक्षेपकावरून दिलेला इशारा बधिर माणसापर्यंत पोहोचत नाही. त्याच्यापर्यंत दिव्याची उघडझाप पोहोचते, खांद्यावर ठेवलेला हात पोहोचतो आणि ज्याला चार खुणा येतात असा शेजारी पोहोचतो. शेजाऱ्याला भाषा येते की नाही, यावर तेथे एखाद्याचे प्राण अवलंबून असतात.

धावत्या गाडीला बावटा दाखवणारा वीरचा तो कर्मचारी गाडी ओरडेल याची वाट पाहत नाही. आपला शब्द तेथे पोहोचणार नाही हे ओळखून तो पोहोचेल अशी खूण करतो, आणि उत्तर येते. बधिर बांधवाशी बोलताना इतके केले, तरी पुरे आहे. तो बोलतच आहे. आपण त्याच्या हातांकडे पाहावयास शिकले पाहिजे.

शब्दार्थ

बावटा – निशाण. बधिर – ज्याला ऐकू येत नाही असा. वडिलार्जित – वाडवडिलांनी मिळवलेले. सौदा – खरेदी-विक्रीचा ठराव. मनोरम – मनाला आनंद देणारे. हद्दपार होणे – बाहेर घालवले जाणे. त्याज्य – टाकून देण्याजोगे. सिद्ध करणे – तयार करणे. दुभाषी – एका भाषेतील बोलणे दुसऱ्या भाषेत सांगणारा. चाकरमानी – नोकरीसाठी शहरात राहणारा. परिपाठ – नित्याची रीत. लकब – सवयीची विशेष हालचाल. खालूबाजा – कोकणातील एक लोकवाद्यमेळ.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) घरच्यांची माया असूनही तो तरुण घरात एकटा का पडत असे?
(आ) 'मुका' हा शब्द बधिर माणसाला का लागू पडत नाही?
(इ) मिलानच्या परिषदेतील ठरावात कोणता अन्याय होता?
(ई) बधिर मुलांना त्यांची भाषा कोणाकडून मिळाली?

२. कारणे द्या.
(अ) रुमालाखालच्या खुणांना भाषा म्हणता येत नाही.
(आ) ओठ पाहून बोलणे ओळखणे कठीण जाते.
(इ) राखीव डब्यातील बधिर प्रवासी आपले स्थानक आले, तरी कधीकधी उतरत नाहीत.

३. 'वाडीतल्या नावात त्याला काय येत नाही ते सांगितले होते. या नावात तो कोण आहे ते सांगितले आहे.' या वाक्याचे आपल्या शब्दांत स्पष्टीकरण करा.

४. वाक्यांत उपयोग करा : पोट धरधरून हसणे, भर देणे, लक्ष वेधणे, एकटे पडणे.

५. भाषाभ्यास : 'मी तुला देतो' आणि 'तू मला देतोस' या वाक्यांतील सर्वनामांच्या विभक्ती ओळखा. सांकेतिक भाषेत हे काम कशाने होते ते सांगा.

६. उपक्रम : आवाज न काढता, नुसते ओठ हलवून एक वाक्य मित्राला सांगा. त्याला किती शब्द ओळखता आले ते वहीत लिहा. नंतर सांकेतिक भाषा जाणणाऱ्या व्यक्तीकडून नमस्कार, पाणी, मदत, धोका आणि मित्र या शब्दांच्या खुणा शिकून घ्या व त्या घरी सर्वांना शिकवा.